जवळा म्हणजे कोळंबीचं पिल्लू नव्हे! सुकट, करंदी, सोडे यांतला फरक समजून घ्या

आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या पाटीसमोर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "जवळा काय नि कोळंबी काय, एकच. एक लहान, एक मोठी." घाटावर तर बऱ्याच ठिकाणी सगळ्यालाच 'सुकट' म्हणून मोकळे होतात. पण हा समज चुकीचा आहे.

कोणत्या नावाचा अर्थ काय?

जवळा हा स्वतंत्र जीव आहे. शास्त्रीय नाव 'ॲसिटिस इंडिकस'. पूर्ण वाढलेला जवळासुद्धा साधारण अडीच-तीन सेंटिमीटरचा, फार तर चारच्या आसपास. त्याला कितीही दिवस समुद्रात राहू दिलं तरी त्याची कोळंबी होत नाही.

करंदी म्हणजे जवळ्यापेक्षा मोठी, पण बारीकच कोळंबी. सुकट हे जिवाचं नावच नाही. सुकवलेलं ते सुकट. बहुतेक ठिकाणी सुकट म्हणजे सुका जवळा, तर काही ठिकाणी सुकी करंदीही त्याच नावाने विकली जाते. कोळंबी सोलून उन्हात वाळवली की तिचे सोडे होतात. सोलण्याची मेहनत जास्त, म्हणून भावही जास्त. गोव्यात सुक्या जवळ्याला गालमो म्हणतात.

नावाचा असा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. देवमासे ज्यावर जगतात त्या 'क्रिल'चं नाव नॉर्वेच्या भाषेतलं. त्याचा अर्थ माशांची बारीक पिल्लं. प्रत्यक्षात क्रिल मासाही नाही आणि पिल्लूही नाही!

ओळखायचं कसं?

ताजा माल असेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून पाहा. कोळंबीच्या डोक्यावर पुढे आलेला, करवतीसारखा लांब काटा असतो. जवळ्याचा काटा अगदी आखूड, जेमतेम दिसणारा. कोळंबीला चालायच्या पायांच्या पाच जोड्या असतात, जवळ्याला तीनच. ताजा जवळा काचेसारखा आरपार दिसतो, डोळे तेवढे काळेभोर.

फरक का महत्त्वाचा?

कोळंबीच्या बऱ्याच जाती समुद्रात अंडी घालतात. पिल्लं खाडीत येऊन वाढतात आणि मोठी झाली की परत समुद्रात जातात. खाडीत बारीक आसाचं जाळं लावलं की हीच पिल्लं अडकतात. 'जवळाच आहे' म्हणून ती विकली गेली, तर पुढच्या हंगामातली मोठी कोळंबी आधीच संपली म्हणायची. जवळ्याचंही महत्त्व कमी नाही. आपला बोंबील मोठ्या प्रमाणात जवळ्यावरच पोसतो. म्हणूनच डोल जाळ्यात दोघं बरोबर सापडतात.

ॲलर्जी असेल तर सावधान

आता उलट बाजू. जवळा कोळंबीचं पिल्लू नसला तरी तिच्याच भाऊबंदकीतला आहे. ज्याला कोळंबीची ॲलर्जी आहे, त्याला "कोळंबी नको ना, मग जवळ्याची चटणी खा" असं म्हणून वाढू नका. त्रास देणारं प्रथिन दोघांतही असतं. ते शिजवून, भाजून किंवा वाळवून जात नाही. कालवणात चवीपुरती टाकलेली चिमूटभर सुकटही पुरेशी ठरू शकते. पाहुण्यांना वाढण्याआधी विचारलेलं बरं.

खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. लगेच १०८ ला फोन करावा किंवा जवळचं रुग्णालय गाठावं.

पुढच्या बाजाराला पाटीसमोर उभं राहिलात की नुसतं "सुकट द्या" म्हणू नका. "कशाची सुकट?" एवढं विचाराच.