सोळा कप्प्यांचं घड्याळ

२८ मीटर खोलीवर माझ्या मनगटावर १४ हा आकडा होता. एरवी हेच घड्याळ माझी पावलं मोजतं, दुधवाल्याचा मेसेज आला की थरथरतं, रात्री झोप किती झाली ते सांगतं. इथे त्यातलं काही उरलं नव्हतं. पडद्यावर खोली, पाण्यात उतरल्यापासूनची मिनिटं, पाण्याचं तापमान आणि हा १४. या खोलीवर अजून चौदा मिनिटं राहिलीस तरी वाटेत सक्तीचे थांबे न घेता वर जाता येईल, असा त्याचा अर्थ. चौदाचे तेरा झाले तेव्हा मी अजूनही आकड्याकडेच बघत होते. खांद्यावर हात पडला. आमच्या डाइव्हमास्टरने दोन बोटं आधी स्वतःच्या डोळ्यांकडे नेली आणि मग स्वतःकडे वळवली : माझ्याकडे बघ. आकडा वाचण्याच्या नादात मी त्याच्यापेक्षा दोन मीटर खाली गेले होते.

ही डिक्सन्स पिनॅकलची गोष्ट. अंदमानात स्वराज द्वीप, म्हणजे जुन्या नावाने हॅवलॉक, तिथून होडीने गेलं की समुद्रात बुडालेले हे सुळके लागतात. त्यांचा माथाच १८ मीटरच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे नवशिक्यांना तिथे नेत नाहीत. माझ्यासोबत माझी भाची होती. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी मालवणला पहिल्यांदा पाण्याखाली डोकं घातलं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ. तिथे प्रशिक्षक मागून टाकी धरूनच नेतो, खोली आठ-दहा मीटरच्या पलीकडे जात नाही, आणि मनगटावर काही लागत नाही; सगळा हिशोब तो करतो. तेव्हा मासे बघून मी हरखले. पण मी पुण्यात अकरावी-बारावीला गणित शिकवते, आणि परतीच्या एसटीत मला मासे कमी आणि तो हिशोब जास्त आठवत होता. तो माणूस नेमकं काय मोजत होता?

तो नायट्रोजन मोजत होता. टाकीत बहुतेक वेळा साधी हवाच असते, तिच्यात सुमारे ७९ टक्के नायट्रोजन. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. ३० मीटरवर तो जमिनीवरच्या चौपट. तेवढ्या दाबाची हवा श्वासात घेतली की नायट्रोजन रक्तात आणि तिथून मांसात, चरबीत, सांध्यांत मुरत जातो. खाली असेपर्यंत तो विरघळलेलाच राहतो. पण पटकन वर आलं, तर सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतं तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखण्यापासून ते पाय लुळे पडण्यापर्यंत त्याचे परिणाम होऊ शकतात.

मुरण्याचा वेग मात्र सगळीकडे सारखा नसतो. मूग चार-पाच तासांत भिजतात, हरभऱ्याला रात्र लागते, तसंच. १९०८ साली जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने नौदलासाठी केलेल्या कामात ही गोष्ट गणितात बसवली. त्याचे प्रयोग शेळ्यांवर होते. दाबाच्या खोलीतून बाहेर काढल्यावर ज्या शेळीचा सांधा दुखे, ती तो पाय उचलून धरी. हाल्डेनने शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले आणि प्रत्येकाला एक अर्धकाळ दिला : ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटं. पाच मिनिटांचा कप्पा पाच मिनिटांत अर्धा भरतो, दहा मिनिटांत पाऊण, पंधरा मिनिटांत साडेसत्त्याऐंशी टक्के. फळ्यावर मी दरवर्षी हाच वक्र काढते, किरणोत्साराच्या नावाने. या हाल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन १९५७ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. दाबाच्या खोलीत तोही स्वतःवर प्रयोग करून घेत असे. संख्याशास्त्राच्या पुस्तकांतून हे नाव मला वर्षानुवर्षं माहीत होतं; त्याच्या वडिलांचा वक्र आपल्याच मनगटावर चालेल, हे ठाऊक नव्हतं.

पुढे झुरिचच्या आल्बर्ट ब्युलमान यांनी पाचाचे सोळा कप्पे केले. सर्वांत चपळ कप्पा चार-पाच मिनिटांचा, सर्वांत सुस्त ६३५ मिनिटांचा, म्हणजे साडेदहा तासांहून अधिक. हे कप्पे म्हणजे यकृत किंवा गुडघा असे खरे अवयव नव्हेत. पण शरीर एकंदर कसं वागतं, त्याचा अंदाज त्यांवरून बराच चांगला येतो. पूर्वी हा अंदाज छापील तक्त्यावरून काढत. तक्ता धरून चालतो की तुम्ही पूर्ण वेळ सर्वांत खोल जागीच होतात. १८ मीटरला ५६ मिनिटं, ३० मीटरला २०, असे त्यात सरळ आकडे. १९८३ साली ‘ऑर्का एज’ नावाचा ठोकळ्यासारखा डाइव्ह कॉम्प्युटर बाजारात आला आणि क्षणाक्षणाचा खरा दाब मोजून हिशोब होऊ लागला. २०१७ साली गार्मिनने ‘डिसेंट’ हे रोज वापरायचं स्मार्टवॉच त्या कामाला आणलं, २०२२ साली ॲपल वॉच अल्ट्रा आलं, ॲपच्या मदतीने ४० मीटरपर्यंत चालणारं. हौशी डाइव्हरची मर्यादाही तीच, ४० मीटर.

दुकानात एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. साध्या स्मार्टवॉचच्या पाठीवर ‘५० मीटर’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ते ५० मीटर खोल नेता येतं असा नाही. ते पोहण्यापुरतं आहे. डायव्हिंगच्या साधनांसाठी ‘ईएन १३३१९’ हे वेगळं मानक आहे, आणि तेही फक्त खोली आणि वेळ बरोबर मोजण्याबद्दल आहे. नायट्रोजनचा हिशोब बरोबर आहे की नाही, याबद्दल ते मानक काहीच म्हणत नाही. काही घड्याळांत खोली फुकट दिसते आणि नायट्रोजनचा हिशोब हवा तर ॲपचे पैसे भरावे लागतात. हे मला पटत नाही. खोली कळली आणि तिथे किती वेळ राहता येईल ते कळलं नाही, तर नवख्या माणसाला उगाच धीर येतो.

त्या दिवशी सकाळी साडेसहाला होडी सुटली. आमचा डाइव्हमास्टर मायाबंदरकडचा कॅरेन तरुण. ब्रिटिशांनी शंभर वर्षांपूर्वी ब्रह्मदेशातून आणून वसवलेल्या लोकांची ही पुढची पिढी. हॅवलॉकच्या होड्यांवर त्यांच्यातली पुष्कळ मुलं आहेत. पाणी वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी मी पाहिलं नाही. होडीतच मी घड्याळाची मांडणी केली : खारं पाणी, टाकीत साधी हवा, ३० मीटरला इशारा, आणि हिशोबाची सावधगिरी सर्वांत कडक. खारं की गोडं, हे सांगावं लागतं, कारण घड्याळाला खोली दिसत नाही. त्याला दाब कळतो आणि त्यावरून ते खोली काढतं. सावधगिरी कडक ठेवली कारण मी ५२ वर्षांची आहे आणि आदल्या दिवशी उन्हात फिरून पाणी कमी प्यायले होते. यातलं काहीच घड्याळाला माहीत नसतं. सोळाही कप्पे दाब आणि वेळ एवढ्यावरच चालतात. डाइव्हर थंडीने कुडकुडतोय का, प्रवाहाविरुद्ध पाय मारून दमलाय का, हे आपणच मनात धरायचं आणि आकड्याच्या बरंच अलीकडे थांबायचं.

टाकीत हवा किती, हेही माझ्या घड्याळाला कळत नव्हतं. काही घड्याळांना टाकीवर बसवलेल्या ट्रान्समीटरकडून ते कळतं. माझ्याकडे नळीच्या टोकाचा साधा काटा होता. २०० बार दाबाला निघायचं, ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं. म्हणजे डाव्या हातावरचं घड्याळ एक हिशोब सांगतं, बगलेजवळ लोंबणारा काटा दुसरा, आणि दोन्हींतला जो आधी संपेल तो डाइव्ह संपवतो. माझ्यासारख्या धापा टाकणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा काटाच.

होडीच्या काठावरून पाठीमागे उलटं पडायचं. मीटरभर खाली गेल्यावर घड्याळ आपण होऊन जागं होतं. पडदा पाण्याला बोट समजतो, म्हणून स्पर्श बंद होतो आणि सगळं बटणांवर येतं. दहा मीटरच्या आत लाल रंग विझतो. भाचीचे लाल फिन्स तपकिरी दिसायला लागले. मग तो सुळका, त्याच्या भोवती घिरट्या घालणारे बॅटफिश, वर चांदीच्या पात्यांसारखे बॅराकुडा. खांद्यावर हात पडला तो इथेच. त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली : दोन-तीन मिनिटांतून एकदा, आधी डाइव्हमास्टर, मग भाची, मग काटा आणि शेवटी घड्याळ.

आठ मिनिटं उरली तेव्हा आम्ही सुळक्याच्या कडेने २० मीटरपर्यंत वर सरकलो आणि आकडा ८ वरून २२ झाला. तक्त्याने हे कधीच दिलं नसतं. थोडं वर आल्याबरोबर चपळ कप्पे रिकामे व्हायला लागतात आणि ज्या कप्प्याने वाट अडवली होती तो मागे हटतो. पुस्तकात हे वाचलं होतं. पाण्यात तो आकडा वाढताना पाहिला आणि माझ्या अंगावर काटा आला.

वर येताना घड्याळ मनगटावर जोरात थरथरलं. मिनिटाला नऊ मीटर हा माझ्या घड्याळातला वर येण्याचा कमाल वेग, आणि मी त्याच्या पुढे गेले होते. टाकी हलकी होत जाते, जॅकेटमधली हवा फुगते, माणूस नकळत उचलला जातो. जॅकेटची हवा सोडली, थांबले. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा घेतला. घड्याळ सेकंद मोजत होतं आणि मी दोरीला एका हाताने धरून खाली निळ्यात विरत जाणारा सुळका बघत होते.

होडीत चहा, केळी, बिस्किटं. आणि भाचीच्या हातातल्या भाड्याच्या कॉम्प्युटरचा पडदा कोरा.

बटण दाबलं, पुसलं, उन्हात धरलं. काही नाही. ती म्हणाली, “मावशी, दुसऱ्या डाइव्हला मला तुझं दे ना. आपण दोघी सारख्याच तर होतो.” मी डाइव्हमास्टरकडे पाहिलं. तो होडीच्या कडेला बसून केळं सोलत होता. म्हणाला, “नहीं. उस घडी को मॅडम का पता है, आप का नहीं.”

मी वर्गात हे दर वर्षी मुलांना सांगते. समीकरण कितीही चोख असो, सुरुवात कुठून झाली ते माहीत नसेल तर उत्तर निघत नाही. आम्ही सारख्या खोलीवर होतो असं तिला वाटत होतं. पण मी दोन मीटर खाली घसरले होते, आणि शेवटी ती एका कोळंबीसाठी कपारीपाशी माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबली होती. माझ्या घड्याळात तिचे सोळा कप्पे नव्हते. दुसरा कोरा कॉम्प्युटर होडीवर होता, पण त्याने तिला पाण्यात न उतरलेली बाई समजून हिशोब केला असता. ती दुसऱ्या डाइव्हला गेली नाही. रुसली थोडी, पण टोपी डोळ्यांवर ओढून होडीतच बसली.

मी डाइव्हमास्टरबरोबर उतरले, एका उथळ रीफवर, १५ मीटरला. कोऱ्या शरीराने गेले असते तर घड्याळाने तासाच्या वर दिलं असतं. मला ४९ मिनिटं दाखवली. होडीवर मी चहा पीत असतानाही ते मोजतच होतं. त्या डाइव्हमध्ये विशेष असं काही दिसलं नाही, एक लायनफिश सोडला तर. मी पूर्ण वेळ भाचीची जागा रिकामी असल्याचं बघत राहिले. पाण्यात सोबतीची इतकी सवय लागते, हे तेव्हा कळलं.

१० वाजून ४० मिनिटांनी वर आले. घड्याळावर विमानाचं छोटं चिन्ह उमटलं, त्यावर काट, आणि शेजारी २४ तासांची उलटी मोजणी. विमानात केबिनचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, म्हणजे ते आणखी वर येण्यासारखंच. एकाहून अधिक डाइव्ह केल्यावर किमान १८ तास विमानात बसू नये असं डायव्हिंग वैद्यकातले लोक सांगतात; माझं घड्याळ सरळ २४ धरतं. म्हणून विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं काढलं होतं. संध्याकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला आलो, ज्याचं नाव आता श्री विजयपुरम आहे. रात्री जेवताना घड्याळ थरथरलं. दुधवाला विचारत होता, परवापासून दूध सुरू करू का.

दुसऱ्या दिवशी वीर सावरकर विमानतळावर रांगेत उभ्या असताना भाचीने माझं मनगट ओढून घेतलं. १० वाजून ४० मिनिटं. विमानाचं चिन्ह गेलं, आणि त्या जागी पावलांचा आकडा आला. “झालं, मावशी. सुटलीस.”

मी बोर्डिंग पासच्या मागे पेनाने भागाकार केला. २४ तास म्हणजे १४४० मिनिटं, भागिले ६३५. सव्वादोन अर्धकाळ. सर्वांत सुस्त कप्प्यात काल जे जास्तीचं साठलं होतं, त्यातला पाचवा हिस्सा अजून माझ्या अंगात होता.