साभार परत

जॅक लंडनची ‘मार्टिन ईडन’ मी नरसिंहपूरच्या घाटावर संपवली आणि दचकून समोरच्या पाण्याकडे पाहिलं. 1909 ची कादंबरी. मार्टिन हा ओकलंडचा खलाशी. शिकल्यासवरल्या घरातल्या मुलीवर जीव जडतो आणि गडी लेखक व्हायचं ठरवतो. झोप पाच तास. पोटासाठी लाँड्रीत इस्त्र्या मारतो. ओव्हरकोट, सायकल, बरा सूट, एकेक गहाण पडतं. आणि कथा? साभार परत! शेवटी त्याला वाटतं, संपादक नावाचा माणूसच नसावा. इकडून पाकीट टाकलं की तिकडून नकाराची चिठ्ठी काढणारं यंत्रच असावं. (दिवाळी अंकाला कथा पाठवलेल्या कुणालाही हे पटेल.) पुढे त्याच परत आलेल्या कथांवर पैशांचा पाऊस पडतो, मोठी माणसं जेवायला बोलावतात. माणूस तोच, कथा त्याच. हे कोडं त्याला सोसत नाही. बोटीच्या खिडकीतून तो समुद्रात उतरतो.

तिथे लेखक बुडाला, कागद तरले. देहूत कागद बुडवले गेले.

दुष्काळात दिवाळं निघालेला दुकानदार तुकोबा. यानं वेदांचा अर्थ सांगावा? असा आक्षेप आला आणि वह्या इंद्रायणीत गेल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, असं परंपरा सांगते. ते बाजूला ठेवलं तरी उरतं ते काही कमी अचाट नाही: अभंग लोकांच्या तोंडी बसले होते, आणि ते उतरवून ठेवणाऱ्यांत होते चाकणचे संताजी जगनाडे, घाण्यावर तेल काढणारे. वाण्याचे शब्द, तेल्याचं अक्षर! 1873 साली सरकारी खर्चानं गाथा छापून निघाली, तेव्हा अभंग भरले साडेचार हजारांवर.

आता नकाशा काढा. इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिळते आणि भीमा उजनी ओलांडून इथं येते. दुसऱ्या अंगानं नीरा. वारीत सराटीला तुकोबांच्या पादुकांना स्नान घालतात ते हिच्यातच. वह्या बुडाल्या त्या नदीचं पाणी आणि पादुका न्हाल्या त्या नदीचं पाणी या पायऱ्यांशी एक होतं, आणि पंढरपूरला जाऊन चंद्रभागा म्हणवून घेतं.

खालच्या पायरीवर एक आजी धुणं आपटत होत्या. आपटण्याच्या ठेक्यात अभंग.

“आजी, गाथा वाचता?”

“वाचायला येतंय कुणाला? पाठ हाय.”

आणि त्यांनी पुढचं लुगडं उचललं.