हनुक्का नव्हता, म्हणून काय सिद्ध होतं?

रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमो सिनेगॉगमुळे पुण्याला परिचित असलेला बेने इस्राएल हा यहुदी समाज सांगतो, की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं. साल मानतात इ.स.पू. 175. आधार असा: सेल्युसिड राजा अँटायोकसने विटाळलेलं जेरुसलेमचं मंदिर मक्काबी बंडखोरांनी इ.स.पू. 164 मध्ये शुद्ध केलं, त्याचा सण हनुक्का. कोकणात शनिवार तेली म्हटल्या जाणाऱ्या या लोकांना तो ठाऊक नव्हता, म्हणजे ते त्याआधीच निघाले. हा तर्क मांडणारे समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांचं काम मला मोलाचं वाटतं, पण हा पुरावा मला तोकडा वाटतो. हिब्रू ग्रंथ आणि पंचांग हाती नसलेल्या समाजाचा एखादा सण सहज विस्मरणात जाऊ शकतो. हनुक्का नसणं हे विसरण्याचंही लक्षण असू शकतं.

यावर रास्त आक्षेप असा, की मग पुरीम हा दुसरा यहुदी सण कसा टिकला? माझ्या मते त्याला शेजार मिळाला. पुरीम फाल्गुन पौर्णिमेच्या सुमारास येतो, आणि समाज त्याला होळीचा सणच म्हणे. हनुक्काला असा आधार नव्हता. मंदिराच्या विध्वंसाचा उपवासही बिरड्याचा सण म्हणून उरला. वालाचं बिरडं शिजवून तो पाळत. पण ती तिथी इ.स.पू. 586 आणि रोमनांनी केलेल्या इ.स. 70 च्या, अशा दोन्ही विध्वंसांची आहे. त्यामुळे पूर्वज मक्काबींच्या आधी निघाले की रोमन अमलात, हे बिरडंही सांगत नाही. शेमा ही प्रार्थना, सुंता आणि शनिवारची सुट्टी यहुदी मूळ पक्कं करतात, साल नाही.