विहिरीतली हाक आणि संगणकाचा पोर्ट

अंबाडीच्या एखाद्या दुकानातला काटा संगणकाला वजन कळवीनासा झाला, तर लगेच नवे यंत्र घेऊ नका. विहिरीत हाक मारून पाहतो ना आपण? तसेच करा.

संगणक बंद करून केबल काढा. 9 पिनांच्या सिरीयल पोर्टची 3 नंबरची पिन बोलते, 2 नंबरची ऐकते. त्या दोन्ही तारेच्या तुकड्याने जोडा. संगणक सुरू करून टर्मिनल प्रोग्रॅममध्ये फ्लो कंट्रोल व लोकल एको बंद ठेवा आणि अक्षर दाबा. ते पडद्यावर उमटले, तार काढताच उमटेनासे झाले, म्हणजे पोर्ट शाबूत. मग केबल लावून तिच्या दुसऱ्या टोकाशी हीच परीक्षा घ्या. तीही उतरली, तर 5 नंबरची ग्राउंडची तार आणि दोन्हीकडचा वेग पाहा. ते दोष या हाकेत कळत नाहीत. एवढ्यावर भागले नाही, तरच काटा दुरुस्तीला न्यावा.