बंदुकीच्या कानातली काजळी

२०२४ साली आमच्याकडच्या शेतीसंरक्षणाच्या बंदुका निवडणुकांपायी दोनदा पोलीस ठाण्यात जमा होऊन आल्या. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली ती ६ जूनला उठली, म्हणजे काजू आणि आंबा दोन्ही आटोपल्यावर. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली, तेव्हा भात कापणीला आलेलं. माकडांनी आणि रानडुकरांनी पंचांग घेऊन बसायचं ठरवलं असतं तरी याहून चांगला मुहूर्त निघाला नसता. पाठोपाठ आमच्या वाडीतल्या अण्णांनी परवानाच परत केला. ‘या वयात हेलपाटे कोण घालणार,’ एवढंच म्हणाले. परवाना गेला ते मला लागलं.

आमच्या या ठासणीच्या बंदुकीचा इतिहास मोठा आहे, पण त्यातला बराचसा मी उडवणार आहे. फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं, त्यातून पुढे केप आली. इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा केला, आपण १९५९ मध्ये. मधल्या काळात रत्नागिरीच्या डोंगरात पिकाची राखण होती तशीच चालू राहिली.

मला बोलायचं आहे ते नव्वदच्या दशकाबद्दल. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली आणि वरकस डोंगरांवर काजू-आंब्याची कलमं लागली. राखणीचं रान वाढलं आणि राखणारे मुंबईला. त्यातच निवडणुकांचा सपाटा. १९९६ ते १९९९ या चार वर्षांत लोकसभेच्याच तीन झाल्या: एक आंब्यात, एक मोहोरात, एक भर भाद्रपदात. निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांनी आचारसंहितेला दात दिले ते याच दशकात. देशाचं भलं झालं असेल, आमच्या नाचणीचं नाही. सुट्टीत येऊन ‘अजून बंदुका कसल्या बाळगता?’ म्हणणारे पाहुणे काजूगर मात्र किलोवारी घेऊन जायचे, तेही या दशकातलेच. बंदुकीवर कोणी भेकर मारलंच नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर डुकरालाही परवानगीशिवाय हात लावायची सोय नव्हती. रोजचं काम आवाजाचं होतं. संध्याकाळी एक बार झाला की कळप पऱ्यापलीकडे जायचा.

हा बार होणं न होणं एका भोकावर असे. घोडा पडतो ती केप निप्पलवर बसते, आणि निप्पलमधून नळीत जाणारं सुईएवढं भोक म्हणजे बंदुकीचा कान. काळ्या दारूची काजळी त्यात साचते, पावसाळ्यात ओल धरते, मग नुसती केप वाजते आणि बार फुसका जातो. बाबा नळी रिकामी असल्याची खात्री गज घालून करायचे, मग तोंडाने नळीत कढत पाणी ओतायचे. कानातून आधी काळे थेंब गळायचे, मग बारीक चिळकांडी सरळ उडायची. ती स्वच्छ दिसेपर्यंत ओतणं चालू. शेवटी पिन फिरवून बंदूक वैलाच्या उबेला उभी राहायची.

काहीजण या कटकटीला कंटाळून भोकच मोठं करून आणत. बाबांना ते मुळीच पटत नसे. बार हमखास पेटायचा खरा, पण धूर आणि जोर उलटा कानातून यायचा, घोडा उचलला जायचा आणि ठिणग्या डोळ्यांपर्यंत. काडतुसाची बंदूक आली म्हणून हे भोक सुटलं नाही. ते पितळी काडतुसाच्या बुडात गेलं, एवढंच. १८६६ मध्ये इंग्रज अधिकारी बॉक्सरने मधोमध एक भोक ठेवलं, अमेरिकन बर्डनने त्याच सुमारास बारीक दोन. गंमत अशी की अमेरिकेने पुढे इंग्रजाचंच उचललं आणि युरोपातल्या फौजांनी अमेरिकनाचं. रिकामी काडतुसं हाताने पुन्हा भरणारे तिकडचे हौशी नेमबाज त्या भोकाची आतली कड खरवडतात, कारण कारखान्यात ठोशाने भोक पाडताना तिथे कीस उरतो आणि जाळ वाकडा शिरतो. फार चोखंदळ असतात ते सगळी भोकं एका मापाची करतात. पण त्यापुढे भोक वाढवलं की दारू पेटण्याची तऱ्हा बदलते आणि नळीतला दाबही, हे त्यांनाही ठाऊक असतं. आपल्याकडे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, तेव्हा ती हौस आमच्या वाट्याला आली नाही. आम्हाला कान साफ ठेवता आला तरी पुष्कळ होतं.

आता तेही उरलेलं नाही. ठाण्याच्या खोलीत अडीच महिने उभी राहिलेली बंदूक परत येते ती कान बुजून. पिन कुठे घालायची हे मुलांना माहीत नाही, आणि त्यांनी तरी का शिकावं? परवाना आजोबांच्या नावावर, बंदूक सरकारदरबारी आणि काजू माकडाच्या गालात.

सगळ्यांच्याच बंदुका जमा करा, असं निवडणूक आयोगाचंही म्हणणं नाही. जामिनावरचे, गुन्हे नोंदलेले, आधीच्या निवडणुकीत दंगा केलेले कोण ते जिल्ह्याच्या छाननी समितीने पाहायचं असतं. समितीच्या साहेबांनी पुढच्या खेपेला यादी करताना परवाना कशासाठी दिलाय आणि शेतात कोणतं पीक उभं आहे, एवढं जरूर पाहावं.