तक्ते जोडताना निसटलेला धाराशिव

दोन तक्त्यांत एक रकाना सामायिक असला, की त्याच्या आधाराने दोन्ही तक्त्यांचा एक तक्ता करता येतो. 'आर' या संख्याशास्त्रीय भाषेत हे काम 'मर्ज' ही आज्ञा करते. दोन्हीकडे त्या रकान्यात तोच शब्द असलेल्या ओळी शोधून ती एकमेकींना जोडते. यामागची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली.

संगणक अक्षरे जुळवतो. अर्थ त्याला कळत नाही. २०११च्या जनगणनेत उस्मानाबाद जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ आहे. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. आता आजचा पावसाचा जिल्हावार तक्ता जनगणनेच्या तक्त्याला नावावरून जोडला, तर एकीकडे ३६ जिल्हे, दुसरीकडे ३५, आणि हाती येतात जेमतेम ३२ ओळी. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर ही नावे जुन्या तक्त्यात नाहीत. २०१४ साली ठाण्यातून वेगळा झालेला पालघर तर तिथे असणारच नाही. चुकीची सूचनाही येत नाही, कारण वेगळे काही सांगितले नाही तर 'मर्ज' फक्त जुळलेल्या ओळी ठेवते. टंचाईच्या हिशेबातून साडेसोळा लाख माणसे अशी गुपचूप गळावीत, ही किरकोळ चूक नव्हे. पावसाच्या तक्त्यातल्या सगळ्या ओळी राखायला सांगितले, तर धाराशिव टिकतो आणि लोकसंख्येच्या जागी 'एनए', म्हणजे 'माहिती नाही', असे उमटते. ते बरे, निदान डोळ्यांत भरते.

याच्या उलटही होते. कळंब तालुका धाराशिवमध्ये आहे, तसाच यवतमाळमध्येही. नुसत्या तालुक्याच्या नावावरून जोडल्यास दोन कळंबांच्या चार ओळी होतात आणि त्यांतल्या दोन ओळींत एका कळंबचा पाऊस दुसऱ्याच्या लोकसंख्येशेजारी बसतो. तेव्हा जिल्हा आणि तालुका हे दोन्ही रकाने मिळून जुळवावे लागतात. त्यातही एका तक्त्यात 'परंडा' आणि दुसऱ्यात 'परांडा' असले, की तालुका गेलाच.

म्हणून जोडणी नावावर न करता संकेतांकावर करावी. २०११च्या जनगणनेत उस्मानाबादचा संकेतांक ५२५ आहे. नाव बदलले तरी त्या यादीतला हा आकडा तोच राहतो. जुने नाव, नवे नाव आणि संकेतांक असा छोटा तिसरा तक्ता एकदा हाताने केला, की पुढचे काम सोपे होते. 'अँटी जॉइन' ही आज्ञा न जुळलेल्या ओळी वेगळ्या काढून दाखवते. ती जोडणीआधीच चालवावी.

ठाण्याची चूक मात्र तिलाही सापडत नाही. तिथे नाव जुळते, पण २०११चा आकडा पालघरसकटचा आहे. वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा यांसह पालघरचे आठही तालुके त्यातून वजा करावे लागतात.