लाईट गेली की माशांना आधी काय लागतं?

कोल्हापुरात पावसाळ्यात लाईट जाणं ही काही बातमी नाही. पण तुमच्याकडे माशांची टाकी असेल, तर लाईट गेल्या क्षणापासून एक घड्याळ सुरू होतं. घरातली शोभेची टाकी असो की आमच्या लॅबमधली झेब्राफिशची रॅक, घड्याळ तेच. सध्या आम्ही लॅबमधला जुना कंट्रोलर काढून नवा बसवतोय आणि सोबत बॅटरीचं नियोजनही करतोय. त्यामागचं गणित तुमच्या घरच्या टाकीलाही लागू पडतं, म्हणून आज त्याबद्दल.

कंट्रोलर म्हणजे काय? सेन्सरवरून पाण्याचं तापमान वाचून हीटर, पंप आणि दिवे चालू-बंद करणारी पेटी. जुन्या पेटीत फक्त थर्मोस्टॅट होता. नवी पेटी तापमानाची नोंद ठेवते, फोनवर निरोप पाठवते आणि प्रत्येक उपकरण वेगळं सांभाळते.

संशोधनात तापमानाला एवढं महत्त्व का, तेही बघू. झेब्राफिश हा आपल्याच उपखंडातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. त्याचा भ्रूण पारदर्शक असतो आणि अंड्यापासून अवयव कसे घडतात ते सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत दिसतं. वाढीचं प्रमाण वेळापत्रक २८.५ अंश सेल्सिअसला धरलेलं आहे. पाणी २५ अंशांवर आलं, तर २४ तासांची वाढ व्हायला साधारण ३० तास लागतात. म्हणजे रात्री लाईट गेली आणि कुणाला कळलं नाही, तर सकाळी भ्रूणाचं 'वय' चुकीचं लिहिलं जाणार आणि त्यावरचे निष्कर्षही चुकणार.

त्यामुळे बॅकअप म्हटलं की पहिला विचार येतो हीटरचा. पण आकडे मांडले की चित्र उलटं दिसतं.

आधी ऑक्सिजन. २८ अंशांच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे जेमतेम ७.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरहून उंचावर, म्हणून इथे सुमारे ७.३ धरू. पातळी ४ च्या खाली जाऊ द्यायची नाही असं ठरवलं, तर २०० लिटरच्या टाकीत वापरायला उरतो साधारण ६६० मिलिग्रॅम. समजा टाकीत एकूण ३०० ग्रॅम वजनाचे मासे आहेत आणि ते तासाला ९० मिलिग्रॅम ऑक्सिजन घेतात. फिल्टरमधले जिवाणू आणि कुजणारं अन्न यांचे आणखी ४० धरा. पाच तासांत शिल्लक संपली. पृष्ठभागातून थोडा ऑक्सिजन आत येत राहतो, पण गर्दीच्या टाकीत तो पुरत नाही. रॅकमध्ये तर आणखी अवघड, कारण पंप थांबला की प्रत्येक तीन लिटरची टाकी स्वतंत्र होते. त्यात पंचवीस मासे असतील, तर तीन तासही मिळत नाहीत.

आता उष्णता. पाणी हळू थंड होतं. २०० लिटरच्या झाकलेल्या टाकीतून ६० वॅट दराने उष्णता जात असेल, तर तापमान तासाला पाव अंशाने उतरतं. आठ तासांत दोन अंश. छोट्या टाक्या लवकर थंड होतात, पण खोलीच्या तापमानाला येऊन थांबतात. ऑक्सिजनला असा थांबा नाही. शिवाय निसर्गात हा मासा ऋतूनुसार दहा अंशांहून जास्त चढउतार सोसतो. मोठ्या माशांना २४ अंश गैरसोयीचे वाटतील, जीवघेणे नाहीत.

तिसरं गणित बॅटरीचं. घरोघरी असते ती १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तासांची बॅटरी घ्या. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे ९००. एअर पंप १५ वॅट, कंट्रोलर ५ वॅट आणि इन्व्हर्टर स्वतःच खातो ते १५ धरले, तर एकूण ३५ वॅट. बॅटरी २५ तास चालेल. त्यात ३०० वॅटचा हीटर जोडा, तीन तासही चालणार नाही!

म्हणून क्रम असा: आधी हवा, मग कंट्रोलर, हीटर बॅटरीवर नाहीच. भ्रूणांच्या डिश तेवढ्या छोट्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या, त्याला वीस-एक वॅट पुरतात. कंट्रोलरच्या घड्याळाला स्वतःची छोटी बॅटरी असेल, तर तापमान कधी आणि किती उतरलं याची नोंद राहते आणि भ्रूणाचं वय दुरुस्त करता येतं. नव्या पेटीचा आमच्यासाठी खरा फायदा हा आहे.

पेटी निवडताना मात्र एक प्रश्न नक्की विचारा: ही पेटी स्वतः बंद पडली तर काय होईल? रिलेला दोन प्रकारच्या जोडण्या असतात. एक पेटी बंद पडल्यावर सुटते, दुसरी जोडलेलीच राहते. हीटर पहिलीवर घ्या, एअर पंप दुसरीवर. मग पेटी मेली तरी हीटर बंद आणि हवा चालू. रिलेचे संपर्क कधीकधी वितळून चिकटतात आणि हीटर चालूच राहतो. त्यासाठी मधे ३० अंशांना तोडणारा वेगळा साधा थर्मोस्टॅट हवाच. थंड पाण्यापेक्षा तापलेल्या पाण्याने मासे लवकर मरतात, कारण तापलेल्या पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो.

निरोपाचंही तसंच. लाईट गेली की राऊटरही बंद, मग 'लाईट गेली' हा निरोप जाणार कसा? म्हणून उलटी पद्धत बरी: पेटीने दर पाच मिनिटांनी 'मी चालू आहे' असं कळवायचं आणि ते थांबलं की फोन वाजायचा.

हे झालं काही तासांचं. पण कोल्हापूरकरांना दिवसांचाही विचार करावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी आहे ४३ फूट. अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेल्याने पेट्रोल-डिझेलची टंचाई झाली, उपसा केंद्रं बुडाल्याने नळाला पाणी नव्हतं. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तसाच पूर आला. म्हणजे 'जनरेटर आहे ना' हे उत्तर अपुरं आहे. डिझेल आणणार कुठून? अशा वेळी मासे कमी टाक्यांत कोंबण्याऐवजी जास्त पाण्यात पसरवायचे, खाणं बंद ठेवायचं (धडधाकट मोठे मासे काही दिवस उपाशी राहू शकतात) आणि पाणी आधीच साठवून ठेवायचं. टँकरचं पाणी क्लोरीन काढल्याशिवाय टाकायचं नाही. बंद डबा-फिल्टर बरेच तास थांबला असेल, तर त्यातलं सडलेलं पाणी ओतून दिल्याशिवाय तो सुरू करायचा नाही.

आणि एअर पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर नळीत चेक व्हॉल्व्ह बसवा. पंप थांबला की पाणी नळीतून उलटं येतं आणि पंपच भिजतो.

एवढं सगळं जमलं, की एखाद्या रविवारी दुपारी मुद्दाम मेन स्विच बंद करा आणि घड्याळ घेऊन समोर बसा. हवेचे बुडबुडे चालू आहेत का? फोन वाजला का? बॅटरी कागदावरच्या तासांइतकी टिकते का? जुन्या बॅटरीचे २५ तास प्रत्यक्षात बारा निघू शकतात, आणि ते जूनच्या आधी कळलेलं बरं.